तिसऱ्या तुकड्यात

डब्यावर नाव नसतं. आकडा असतो, चौदा.
मला नाव माहीत आहे, असायला नको होतं.
राजेश्वरी बोद्धूल, वय एकावन्न, नीलम नगरच्या मागची गल्ली.
माझ्या आईच्या सुपासमोर
तिचं सूप असायचं.

सरांनी गाठ पाच जागी कापली.
वरचा कोपरा, गाभा, काखेकडची बाजू,
कातडीलगतचा पट्टा,
आणि एक तुकडा, जिथं गाठ संपली असं
बोटाला वाटतं तिथला.
मेणाचे पाच ठोकळे, पाच नळ्या.
यंत्र सगळं वाचत नाही, इथून एक अक्षर तिथून एक,
तेवढ्यावर मोजणी होते.

निरोगी पेशीचा हिशोब सोपा,
प्रत्येक पान दोनदा,
एक आईकडचं, एक बापाकडचं.
हिशोबाला आमच्या घरात लेक्का म्हणतात.
गाठीत चांगल्या पेशीही असतात मिसळलेल्या,
त्यांचे दोन-दोन वजा केले
की उरतो आजाराचा लेक्का.

पडद्यावर ठिपके उतरले.
पहिल्या गुणसूत्राचा लांब हात पाचही तुकड्यांत तीन.
म्हणजे ही चूक जुनी,
गाठीला गाठ म्हणण्याआधीची,
कदाचित थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षीची,
बाई त्या दिवशी नऊवारी नेसून हसत होती.
सोळाव्याचं टोक पाचही ठिकाणी एकच उरलेलं.
इथपर्यंत सगळी एका चुलीवर.
मग वेगळी झाली.
गाभ्यात आठवं वाढून पाचावर,
कातडीपाशी दोनच.
आणि काखेकडच्या तिसऱ्या तुकड्यात
सतराव्यावरचे ठिपके पडदा सोडून वर गेले.
मी माप बदललं.
एकवीस.
पुन्हा मोजलं, चहा न पिता.
एकवीस.

महिन्यापूर्वी सुई गेली होती गाभ्यात.
अहवालावर निगेटिव्ह.
खोटं लिहिलं नव्हतं कुणी,
सुई जिथं टेकली तिथं तेच होतं.

कारखान्यात पाचला चेकर बसायचा.
त्याचं नाव विसरले, हिरव्या खड्याची अंगठी आठवते.
वरचा एक कट्टा उचलायचा,
दोन बिड्या चिमटीत दाबायचा
आणि अख्ख्या हजारावर बोलायचा, छाट.
आई गप्प.
राजम्मा मात्र सूप त्याच्या नाकाशी नेऊन,
'खालचं बघ की रे, तळाचं बघ.'
तो बघायचा नाही.

सर म्हणाले, घाई नको.
आपलं हे संशोधन, यावर औषध लिहिता येत नाही.
ठोकळा पुण्याला जाऊ दे,
तिथं रीतसर तपासतील, मग इंजेक्शनचं ठरेल.
मी चिठ्ठी चिकटवली, चौदा-तीन,
आणि पत्त्याचं अक्षर
परीक्षेत काढतात तसं काढलं.

नऊ दिवस.
सोलापूरचा एप्रिल, दुपारी डांबर चपलेला धरून ठेवतं.
सिव्हिलच्या पायऱ्यांवर सावलीची एक पट्टी,
तिच्यात ती बसलेली, डोक्याला पदर,
मांडीवर केसपेपर.
बोटं आपोआप वळत होती,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तरी वळत होती.

'सत्यम्माची लेक ना तू? आत काम करतीस म्हणे.
काय निघालं माझं?'

माझ्या तोंडात एकवीस होतं.
ते सांगायचा अधिकार माझा नव्हता,
आणि पुण्याहून अजून काही आलं नव्हतं.
म्हटलं, मोजतोय अजून.

'मोज, नीट मोज,' ती म्हणाली,
'मी हजाराला पंधरा जास्तच टाकायचे,
तरी मेल्याकडं
कमीच भरायच्या.'