ब्रेकवाला

शाळेचा कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावरचा लीबान आला,
बूट दाराबाहेर, मोजे ओले.
घरातल्या टाकाऊ वस्तूंचा रोलर कोस्टर करायचा,
गोटी न पडता शेवटपर्यंत पोचली पाहिजे.
आईनं सांगितलं म्हणे,
खालचे तौनो आजोबा तिथेच कामाला होते.

होतो की. बत्तीस उन्हाळे.
हेलसिंकीच्या टेकडीवरची ती लाकडी गाडी,
दोन डब्यांच्या सांध्यात मी उभा,
समोर किंचाळणारी डोकी, मुठीत लोखंडी दांडा.
लोक म्हणायचे, मजा आहे बुवा, दिवसभर झोके.
झोके कसले.
दिवसभर वेग मोजायचो,
तळहातानं.

सिंकखालचा कचरा जमिनीवर ओतला.
दुधाचे सात खोके, कॉफीची चंदेरी पाकिटं,
रायच्या कडक पावाचं गोल वेष्टण,
आणि कागदाच्या गुंडाळ्यांच्या पोटातल्या नळ्या.
त्या लीबान रोज चार-चार आणायचा;
पाच भावंडांचं घर, नळ्यांना तोटा नाही.
त्यानंच कपाटाच्या तळातून औनेचा डबा काढला,
औषधांचा, सात कप्प्यांचा, झाकणांवर वारांची अक्षरं.
"हे भरलेलं आहे अजून. गुरुवारपासून पुढे."
ठेव तो, म्हणालो. तो टाकाऊ नाही.

पहिला चढ सगळ्यात उंच,
पुढचा प्रत्येक त्याहून बुटका.
पुस्तकात असेलही हे; मला गुडघ्यांनी शिकवलं.
खोके कापले, आतली बाजू वर,
पांढरी, गुळगुळीत, अजून दुधाचा आंबूस वास.
पहिल्या उताराला पोटात गोळा येतो ना,
आमचा गोळा काचेचा होता, हिरवट,
आणि तो वळणावर ठरून उडायचा.
रेडिएटरखाली. फ्रिजखाली. एकदा माझ्या चहात.
"अजून उंच करू!" लीबान खुर्चीवर चढलेला.
उंच नको रे. वळण आत कलतं कर.
कलतं केलं. तरी उडाली.

मग तो खुर्चीवरून उतरला, बराच वेळ गप्प बसला,
आणि म्हणाला,
"पण हिला ब्रेक मारायला कोण बसणार?"

माझ्या जुन्या लोकरी बुटाचं अस्तर फाडलं,
बोटभर पट्टी.
"वळणात चिकटवू?"
वळणाच्या आधी.
वळणात ब्रेक मारणाऱ्याला उशीर झालेलाच असतो.

डिंक वाळेपर्यंत काहीतरी बोलायला हवं,
म्हणून सांगून टाकलं
जे मुकादमालाही कधी सांगितलं नव्हतं:
बत्तीस वर्षांत एकदाच दांडा सोडला.
शेवटची फेरी, डबे रिकामे,
पुढच्या बाकावर एकटी, तिकीटखिडकीवरची औने.
मान वळवून म्हणाली, आज नको दाबूस.
तिचा निळा रुमाल
कुठल्यातरी पाइनच्या शेंड्यावर असेल अजून.
"मग? ओरडली तुम्हाला?"
नाही. लग्न केलं.
लीबाननं थोडा विचार केला.
"म्हणजे तेव्हा ब्रेक मारायला उशीर झाला."
हसता हसता मला ठसका लागला.

संध्याकाळी साडेतीनलाच अंधार. खिडकीबाहेर बर्फ.
टेकडीवरच्या खऱ्या रुळांवरही पडत असेल,
वसंतापर्यंत तिथे कोणी नाही.
शेवटचं स्थानक राहिलं होतं,
गोटी थांबेल असं काहीतरी, छोटे छोटे कप्पे असलेलं.
लीबान काही बोलला नाही. कपाटाकडे बघितलंही नाही.
मीच उठलो.
गोळ्या पाकिटात ओतल्या, औषधवाल्याकडे परत द्यायला,
आणि डबा धुतला, कोमट पाण्यानं.

गोटी सुटली.
पहिला चढ, दुसरा, आणि वळणाच्या जरा आधी
माझा उजवा हात आपोआप मागे ओढला गेला,
हवेत,
दांडा नसलेल्या जागी.
पोरगं बघत होतं. हसलं नाही.

खट्. गोटी शुक्रवारात.

"परत," लीबान म्हणाला,
आणि या वेळी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला,
पाय फाकवून, मूठ आवळून.