पुकारा

आधी मी जुन्या इमारतीत ओरडायचो.
हाक जिना उतरून, चहाची टपरी ओलांडून
सायकल स्टँडपर्यंत जायची
आणि तारीख घेऊन परत यायची.

आता कसबा बावड्याला, दुसऱ्या मजल्यावर,
फक्त न वटलेल्या चेकांचं कोर्ट.
खून नाही, बांध नाही, सोडचिठ्ठी नाही.
चेक. नुसते चेक.
उद्यमनगरचे, हुपरीचे, गुळाच्या अडतीचे,
घडीवर विरलेले, शाई उडालेले.
मॅडम तरुण आहेत. चष्मा वर सरकवतात,
म्हणतात, पुढचं.
जेवणाच्या सुट्टीआधी त्रेचाळीस पुकारे.
मी खिशात ज्येष्ठमध ठेवतो.

मंगळवारी हाक दिली,
नेमगोंडा मगदूम, हुपरी.
पैंजणांची मजुरी, एक लाख अठरा हजार,
अकरा वर्षांमागचा चेक.
उठले, टोपी काढली, पुन्हा घातली.
समोरच्यानं तिथंच पैसे भरले, सह्या झाल्या.
सात मिनिटं.
मगदूम उभेच.
"झालं, आजोबा."
"व्हय. फुडची तारीख कंची?"
"तारीख नाही. संपलं."
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं,
जणू मी त्यांची पिशवी घेऊन पळालोय.

तीन वाजता,
इलाही बापूलाल शिकलगार.
एकदा.
दुसऱ्यांदा जिन्याकडं तोंड करून.
तिसऱ्यांदा कुणासाठी ओरडलो, कुणास ठाऊक.
वकील पुटपुटले, गेले ते, रमजानच्या आधी.
वारस कुणी आलं नाही.
मॅडमचं पेन थांबलं.
पंख्याचे दोनेक फेरे, तेवढंच.
मग त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी दारालगतचा फळा पुसायचं काम माझं.
निकाली, दोन. मगदूम एक, शिकलगार एक.
एकाच खडूनं.
आणि खाली खिडकीत
त्याच दिवशी नवे पाच दाखल.
शिल्लक दोन हजार एकशे नऊ होते,
मी एकशे बारा केले.
साहेब लोक म्हणतात, वेग वाढलाय.
वाढलाय की.
माझा घसाच सांगतो.

शुक्रवारी मगदूम परत बाकावर.
धुवट धोतर, मांडीवर भडंगाचा पुडा,
नातीसाठी, दर तारखेला न्यायचे तसा.
"काय काम काढलंत?"
"काय न्हाई. सकाळची एसटी आली, बसलो."
आत चौदावं प्रकरण चाललेलं.
मी दाराशी उभा राहिलो,
आणि नोकरीत पहिल्यांदाच
त्यांचं नाव हळू घेतलं.
चला मगदूम, म्हटलं,
पंधरावं यायच्या आत
च्या घेऊन येऊ.