पिवळा बिल्ला

आमच्या म्हशीला तिसऱ्या वेताला हेला झाला
तेव्हा आईने कपाळाला हात लावला नाही.
"दोन वरीस थांबा," म्हणाली,
"जैतूनच्या लग्नाले होईल तयार."

केळीवर वाढला तो.
घड उतरले की बांधावर पडलेल्या खांबांच्या
विळ्याने चकत्या करून मी टाकायची त्याच्यापुढे.
पाणीच पाणी नुसतं, तरी तो
डोळे मिटून खायचा, जबड्यातून चिकट रस गाळत.
त्या रसाचे डाग माझ्या दोन ओढण्यांवर आहेत.
केळीचा डाग जात नाही
हे अख्ख्या रावेर तालुक्याला ठाऊक आहे.

"नाव ठेवू नको त्याले," बा म्हणाला.
नाही ठेवलं.
पण हाकेला काहीतरी लागतंच.
मी नुसती जीभ टाळूला लावून टक् करायची
आणि तो वळायचा.
ते नाव होतं की नव्हतं, अजून कळत नाही.

मुनाफचाचा सावद्याहून स्कुटीवर आला,
डिकीत सुऱ्या, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या.
आधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली, मग चहा.
चिठ्ठी दोनदा वाचून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.
"आता जनावराआधी कागद बघतो मी.
फाट्यावरची पोरं म्हशीलाही गाय म्हणतात."

मला विहिरीवर पाठवलं.
मी गोठ्यामागे उभी राहिले.
त्याला पाणी पाजलं. चाचाने सुरी पाठीमागे धरली होती,
पाहुण्यांपुढे साखरेची रिकामी बरणी धरतात तशी.
चार माणसं, एक दोर, किब्ल्याकडे तोंड.
बिस्मिल्ला मला ऐकू आलं.
माझी जीभ टाळूला लागलेली होती.
टक् केलं असतं तर तो वळला असता.

तासाभरात तो राहिलाच नाही,
फरे झाले, चापा, छाती, नळ्या,
केळीच्या पानांवर वाफाळत, थंडीत.
चाचाचा हात सांध्यात शिरायचा
हाडाला न विचारता,
घरच्या माणसाला कडी कुठे ते माहीत असतं तसा.
आईने कलेजी तव्यावर टाकली,
मीठ, ठेचलेली मिरची, सोबत कळण्याची भाकर.
मी नको म्हटलं. मग खाल्ली.
चांगली होती.
हे एवढं लिहायला मला फार दिवस लागले.

फत्तूमामाला एक वाटा, हुरमतबाईला पायांसकट,
पाड्यावरची झुरकी स्वतःच पातेलं घेऊन आली.
कातडं कोणी नेलं नाही.
आधी हजार देऊन न्यायचे म्हणे, आता मिठाचाही खर्च निघत नाही.
बाने आणि तुराबने निंबाखाली खड्डा खणला.
उरलेल्याच्या लांब पट्ट्या हळद-मीठ लावून
तारेवर गेल्या, माझ्या ओढणीशेजारी,
आणि कावळे हाकायला मी.

त्या संध्याकाळी म्हशीने पान्हा चोरला नाही.
रोजच्यासारखं तीन लिटर, डेअरीत फॅट सात-दोन.
दोन दिवस मी तिला चारा टाकला
पण बोलले नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर लाळ-खुरकतीची लस घेऊन
सरकारी पोरगा आला, मोबाइलवर यादी.
बाराआकडी नंबर वाचला त्याने.
"हा कुठे आहे?"
आई दळण निवडत होती. "खाल्ला."
तो हसला. मग हसायचा थांबला.
"असा ऑप्शन नाही, मावशी. विकला, हरवला, मेला."
"मेला कसा? एक दिवस आजारी नव्हता.
कापला. घरचा होता."
त्याचं बोट बराच वेळ पडद्यावर नुसतं फिरत राहिलं.

मी आत गेले. बिल्ला बटणांच्या डब्यात होता,
पिवळा, भोकात कानाचा एक केस अडकलेला.
आणून पोराच्या तळहातावर ठेवला.
"हा परत द्यायचा असतो का?"
त्याला माहीत नव्हतं.