पाच टक्के

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं, उद्यमबागेत,
ओतशाळेच्या भिंतीला टेकून आमची खोली.
रात्री अकरानंतर हेस्कॉमची वीज थिर होते,
तेव्हा आम्ही भांडं लावतो.

चीक खानापुराकडचा.
कणकुंबीच्या वाटेवर वर्गीसची बाग, तीनशे झाडं.
तो पहाटे साल तासतो, करवंटीत पांढरं ठिबकतं;
आमच्यापर्यंत येतं तेव्हा त्याची पिवळट शीट झालेली असते,
धुराच्या वासाची, आत एखादी चिकटलेली मुंगी.

आधी प्रथिनं धुवायची.
नाहीतर उत्प्रेरक रुसतो.
चिमूटभर पॅलेडियम, कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं.
त्याची किंमत मी भावकाण्णाला सांगितलेली नाही.
सांगितली तर तो डबीला हात लावणार नाही.

सायलीनमध्ये रबर दोन दिवस नुसतं फुगतं,
मग एकदम विरघळतं, काकवीसारखं.
भावकाण्णा बारा बोल्ट समोरासमोर आवळतो,
ट्रकच्या चाकाचे आवळतात तसे.
मग सिलिंडरची कळ.
कुणी काही सांगायला तोंड उघडावं
आणि नुसता श्वास बाहेर यावा,
हायड्रोजनचा आवाज तेवढाच.

काटा चाळीसवर.
तासाभरानं छत्तीसवर.
“पिऊलालंय बघा बाई.”

बिर्जेसाहेबांना अशी नळी हवीय
जी चार उन्हाळ्यांत तडकणार नाही.
तडकलेली त्यांनी टेबलावर आणून ठेवलीय, वाकवली की
वळणावर बारीक तोंडं उघडतात.
साखळीत जिथं कार्बन कार्बनला दोनदा धरतो
तीच जागा ओझोन हुडकत येतो.
म्हणून हे सगळं. दोनातला एक हात सोडवायचा,
त्यात हायड्रोजन ठेवायचा,
आणि पुढच्या जोडीकडं वळायचं.

माझ्याआधी इथं शिवलीला हंचिनाळ होत्या.
त्यांची वही कपाटात आहे, आकडे कानडी.
अडलं की मी आईला फोटो पाठवते.
आई गोकाकची. पैसे अजून कानडीत मोजते,
माझ्या बाबांशी भांडते मराठीत.
शेवटच्या पानाचं तिनं फोनवर वाचून सांगितलं:
नव्व्याण्णव टक्के. ऊन काही करत नाही.
ओझोन काही करत नाही.
मग एक ओळ सोडून:
गंधक धरत नाही.
“म्हणजे काय गं?” आईनं विचारलं.

म्हणजे तडकण्याची जागा गेली
तशी टाका घालायची जागाही गेली.
भट्टीत कितीही शिजवा, गंधकाला आत बसायला पाट नाही.
ताणलं की ते येतं, येतच राहतं,
परत जायचं कुठं ते विसरल्यासारखं.

त्यापुढं पानं कोरी.
बाई हुबळीला गेल्या. लग्नानं की नोकरीनं,
भावकाण्णालाही ठाऊक नाही.

काटा अकरावर आला तेव्हा मी कळ बंद केली.
हिशोबानं नऊपर्यंत जायला हवा होता.
“अजून पिऊलालंय की!”
असू दे. पाच टक्के राहू दे.
“कशाला?”
मला झोप आली होती, मी म्हटलं, धरायला.
त्यानं मान हलवली, मला खुळी म्हणायची त्याची रीत तीच.

पहाटे गाळणीवर काळी भुकटी उरली.
रबर घट्ट, थेंब थेंब गाळायला अडीच तास.
धुऊन, वाळवून वजन केलं:
इतक्या जोड्या सोडवून
होती तशीच परत आली,
दोन मिलिग्रॅम कमी.
नखं बघितली.
तिथं होती.