कोळकांदा

मुरूडच्या सुरूबनामागे, वाळू संपून कातळ लागतो तिथे
एप्रिलात एक दांडा उगवतो. पान नाही, नुसता दांडा,
कमरेएवढा, वर मळकट फुलं,
कुणी काठी रोवून विसरून गेल्यासारखा.
पानं मागाहून, पावसात.
फुलाने पान कधी पाहिलेलं नाही.
बकरी हुंगते आणि वळसा घालून जाते.

मैमूनाखाला म्हणाली, "बकरीला कळतं
ते तुमच्या कॉलेजात किती वर्षांत शिकवतात?"
"चार," म्हटलं.

तिने कांदा करवंटीने उकरला.
"लोखंड लागलं की रागावतो."
मी वहीत लिहिलं: लोखंड. पुढे प्रश्नचिन्ह.
मुठीहून मोठा, पापुद्र्याआड पापुद्रा,
डोळ्यांत पाणी आणत नाही,
हातांना मात्र तासभर खाज:
ऑक्झलेटच्या सुया. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या नंतर,
सांडलेल्या काडेपेटीसारख्या.

हिराजी नाखव्याच्या टाचेत कुरूप होतं.
तिने चुलीच्या राखेत कांदा भाजला, आडवा चिरला,
सोसवेल इतका गरम असताना टाचेवर बांधला,
वरून एरंडाचं पान.
सात रात्री.
आठव्या दिवशी कुरूप निघालं, तुरीच्या दाण्याएवढं,
नाखव्याने ते तळहातावर घेऊन शेजाऱ्यांना दाखवलं.

"खोकल्याला?"
"देते."
"किती?"
करंगळीचं पेर पुढे करून तिने अंगठ्याने अर्धं झाकलं.
"आणि पाय सुजून धाप लागते, त्याला?"
"त्याला अलिबागला पाठवते. माझ्या नानीने दिला होता एकाला."
मग ती बकरीचं दावं सोडवत राहिली,
ते गुंतलेलं नव्हतं तरी.

प्रयोगशाळेत मी कांदा वाळवला, कुटला,
मद्यार्कात तीन दिवस भिजत घातला.
काचपट्टीवर सिलिकाचा पांढरा थर, तळाशी एक टिंब,
द्रावक वर चढतो भरतीच्या पाण्यासारखा
आणि ज्याला जिथे सोडायचं तिथे सोडून जातो.
फवारलं, तापवलं. ठिपके उमटले.
चार कडी एकमेकांत अडकलेली,
एका टोकाला पाचवं, सहा कोनांचं,
दुसऱ्या टोकाला साखर. हो, साखर.
भेकाच्या पाठीवरच्या विषाचं हे चुलत भावंड.
हृदयाच्या पेशीतला सोडियमचा पंप हे अडवतं,
आत कॅल्शियम साचतं,
ठोका सावकाश पडू लागतो, आणि जोरात.
त्याहून थोडं जास्त झालं
तर ठोक्याचा ताल सुटतो, आणि मग
नानीने ज्याला दिला होता तो माणूस.

पुस्तकात वनस्पतीच्या नावाखाली एक ओळ होती:
आढळ, आफ्रिका आणि भारत.
ती मी वाचून दाखवली.
खालाच्या हातातलं मिश्रीचं बोट थांबलं.
सिद्दी म्हटलं की बाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवात
कुणी ना कुणी विचारतंच: तुम्ही मूळचे कुठले?
"मग ह्याला कुणी आणला?"
"माहीत नाही. कदाचित कुणीच नाही.
बी चपटं असतं, काळं. वाऱ्यावर जातं."
"तुझ्या यंत्राला विचार."
"यंत्र वजन सांगतं, खाला. गाव नाही सांगत."
ती हसली, मिश्रीच्या काळ्या दातांनी, पोट धरून.
"मग यंत्र बरं.
बँकेत तेच बसवायला सांग."

नमुन्याच्या नोंदवहीत रकाने भरायचे होते.
उगमस्थान: मुरूड, सुरूबनामागे,
मैमूना सिद्दी यांची बकरी जिथून वळसा घेते तिथे.
विभागप्रमुखांनी लाल शाईने खाडाखोड केली,
अक्षांश-रेखांश लिहा म्हणाले. लिहिले.
पुढचा रकाना: पारंपरिक मात्रा.
तिथे मी पेन टेकवून बसले आहे दुपारपासून,
बोटांची खाज अजून गेलेली नाही.
अंगठ्याने झाकलेलं अर्धं पेर
कोणत्या एककात लिहायचं.