सतरा मे, पान कोरं

लक्ष्मीपुरीत शिकलगारांच्या कॅसेटच्या दुकानाबाहेर
एक फळा टांगलेला असायचा, शाळेनं मोडीत काढलेला,
मागच्या बाजूला अजून ‘सातवी ब, पट ४२’.
पुढच्या बाजूला हसनचाचा रोज सकाळी लिहायचे:
आजच्या दिवशी.

कुणाचा जन्म, कुणाची पहिली तबकडी,
सातासमुद्रापार कुठल्या चौघांचं बिनसलं,
कुठला गाणारा स्टेजवर कोसळला
आणि लोकांना वाटलं, हाही गाण्याचाच भाग.
परदेशी नावं ते तोंडाला येतील तशी लिहीत.
कुणी हसलं तर म्हणत,
“तू काय त्याच्या घरी जेवून आलायस व्हय रं?”

उद्यमनगरात पाळीला जाणारे आम्ही
सायकल उभी न करता, एक पाय दगडाला टेकून वाचायचो.
मग लेथवर दिवसभर
बुशाबरोबर एक तारीख फिरत राहायची.

त्यांची वही गुळाच्या अडतीतली, लाल पाठीची,
शाईनं भरलेली. एका तारखेला एक पान.
एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा दोन नोंदी.
फक्त सतरा मे कोरं.
रेडिओला कार्डं टाकून झाली,
रद्दीतली मासिकं उलथीपालथी झाली.
काहीच घडलं नव्हतं,
निदान चाचांना कळलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी नुसती तारीख लिहिली,
खाली रेघ ओढली, खडू तिथंच ठेवला
आणि आत जाऊन चहा फुंकत बसले.

पहिला थांबला बँडवाला जोती आवळे.
“सत्तर साली ह्याच दिवशी, वडगावच्या वरातीत
क्लॅरिनेटची पत्ती फुटली.
वेशीपासनं मांडवापर्यंत नुसती बोटं हालवली मी.
कुणाला कळलं न्हाई.
नवऱ्याच्या बापानं वर पाच रुपये दिले.”

मग शालन माने, ऑर्केस्ट्रात कोरसला तिसऱ्या.
गडहिंग्लजला मोठ्या बाईंचा आवाज बसला,
त्या पुढं ओठ हलवत होत्या,
ह्या पडद्यामागं गात होत्या.
“पडद्याला भोक होतं,” एवढंच म्हणाल्या,
“तेवढ्यातनं टाळ्या बघितल्या.”

गंगावेशेतला दूधकट्ट्यावरचा म्हादबा म्हणाला,
“ट्रान्झिस्टर बंद पडला आन् म्हशीनं चरवी लाथाडली.
तारीख? हीच असंल की. उन्हाळा हुता.”
चाचांनी तेही लिहिलं.
पुढं, बारीक अक्षरात: तारीख अंदाजे.

रात्री त्यांनी फळ्यावरचं वहीत उतरवलं,
पेन्सिलीनं.
म्हणाले, ऐकीव आहे, शाई कशाला.

मी काही बोललो नव्हतो.

मग कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, चाचा गेले.
दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली.
आणि एका वर्षी पंचगंगा
न विचारता आत आली, काउंटरच्या वर, फळ्याच्या वर,
चार दिवस बसून राहिली.
पाणी ओसरल्यावर नातवानं वही गच्चीवर वाळत घातली.
बघायला गेलो तर पानापानावर निळं आभाळ,
सगळे जन्म, सगळे मृत्यू, सगळ्या तबकड्या
एकमेकांत विरघळलेल्या.

एकच पान वाचता येत होतं.
पत्ती. भोक. म्हैस.

खाली एका ओळीची जागा होती.
“काका, तुमचं काय?” म्हणत पोरानं
कानावरची पेन्सिल पुढं केली.

पंच्याऐंशी साल. घरात एकच कॅसेट,
तिच्यावर वडिलांची अर्धी गवळण.
भट्टीवरनं आलेला, वाळूनं चरचरलेला गळा.
रेडिओवर नवं गाणं लागलं आणि मी
दोन्ही बटणं एकदम दाबली.
पुढच्या पावसाळ्यात वडील गेले.
ते गाणं आता कुणाला आठवत नाही, मलाही धड नाही.

“तारीख अंदाजे टाकू?” पोरगा म्हणाला.
म्हटलं, नको. पक्की आहे.

गाणं सुरू व्हायच्या आधी
टेपवर अजून तीन शब्द उरलेत,
खोकून, जरा लाजून विचारलेले:
चालू झालं काय?