दोन वाजेपर्यंत

या वर्षीचं फुकट छप्पर रोंडा टिक्कानेनला मिळालं.
दरवर्षी एक देते आमची मालकीण, कार्ला लाहती,
बर्फ पडायच्या आत, हॅनकॉकमधल्या कुणा एकाला.
नावं गावच सुचवतं.
रोंडासाठी एकशे बारा चिठ्ठ्या आल्या.
एकीत एवढंच होतं:
'पूल वर उचललेला होता, अँब्युलन्स अडकली होती,
तिनं माझा हात सोडला नाही.'

रोंडा फोनवर म्हणाली, दुसऱ्या कुणाला द्या.
कार्ला म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर
अकरा पातेली मांडलेली नाहीत.
तुला कुणी सांगितलं?
अगं, पाणी कुठे मुरतंय
हे गावाला कळायला कितीसा वेळ लागतो.

आम्ही सातला पोचलो. सहा माणसं, दोन शिड्या,
ट्रकभर काळे शिंगल.
तिची गाडी दारात, बॉनेट अजून कोमट.
दारावर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं:
'रात्रपाळी करून झोपलेय. तुम्ही ठोका, मला चालेल.'

डेलनं ते दोनदा वाचलं
आणि हातोडा परत पट्ट्यात खोचला.

मी शिडीनं माळ्याच्या खिडकीतून आत गेलो,
कुजलेल्या फळ्या मोजायला.
तिथे तिनं छपरावर प्रथमोपचार केले होते.
वाशाला गॉज गुंडाळलेला,
फटींवर ती पांढरी पट्टी,
सलाइनची सुई जागेवर धरून ठेवते ती,
आणि प्रत्येक गळतीशेजारी पेशंटच्या कागदावर असते तशी नोंद:
'१४ मार्च, पहाटे ४.१०. थेंब मंद.'
'२ एप्रिल. वाढलंय.'
पुढे पुढे नुसतंच, 'पातेलं बदललं.'
सहा वर्षांचं अक्षर, तिरकं होत गेलेलं.

खाली आलो, सांगितलं.
कुणी काही ठरवलं असं नाही.
हातोडा हातचं राखून मारता येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक.
बादल्या पालथ्या घालून बसलो.
शेजारचा कुत्रा भुंकायला लागला,
त्याला डेलनं आपली अर्धी पेस्टी दिली.
मग तो पुन्हा भुंकला. मग माझी.

दहाला कार्ला आली, वर्तमानपत्राचा फोटोवाला घेऊन.
सहा जणांचा तासाचा पगार, गुरुवारी बर्फ,
आणि अजून एक खिळा ठोकलेला नाही!
ओरडायला तोंड उघडलं तिनं,
डेलनं दाराकडे बोट दाखवलं.
तिनं तोंड मिटलं.
ट्रकचं दारसुद्धा न आपटता
नुसतं ओढून घेतलं.
छप्पर तिनं आधीच दिलं होतं;
हे तिला जास्त महाग पडलं असावं.

शनिवारी छापून आला तो फोटो:
खिशात हात घातलेले सहा रिकामटेकडे
आणि एक पेंगुळलेला, पोट भरलेला कुत्रा.

दोनला दार उघडलं. अंगात झगा,
केस एका बाजूनं चपटे.
झालं?
सुरू करतोय.
मी लिहिलं होतं ना, मला चालेल म्हणून!
चिडली होती खरोखरच.
मग आमच्याकडे एकेक करून पाहिलं,
आत गेली, आणि कॉफीचा एवढा मोठा थर्मास
काही न बोलता पायरीवर ठेवला.

अंधार पडेपर्यंत ठोकलं,
पुढे ट्रकच्या दिव्यांत.
नोंदीची फळी काढताना मी विचारलं, ठेवायची का?
टाक, म्हणाली. त्या पेशंटला डिस्चार्ज.

साडेसहाला ती गणवेशात बाहेर आली,
गाडी मागे घेतली, काच खाली केली
आणि वर पाहून ओरडली:
शिडीवरून जपून उतरा रे,
आज रात्री माझीच पाळी आहे.